कान्हेऱ्यांचा खटला आणि ठाण्याची फांशी

ठाण्याचा तुरुंग हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनीं तो १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला, १७३७ सालीं मराठ्यांनीं तो जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं हल्ला चढवून तो आपल्या ताब्यांत घेतला. पेशवाई बुडण्याच्या थोडें आधीं, १८१६ च्या सप्टेंबरांत, ह्याच किल्ल्याच्या बंदोबस्तांतून त्रिंबकजी डेंगळे निसटले. घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दारानें गाण्याच्या ओळींतून त्यांना पळण्याची वाट सुचविली, ही गोष्ट त्या वेळच्या इंग्रज लेखकांनींही मोठ्या चवीनें नमूद करून ठेवली आहे. पुढें किल्ल्याचा तुरुंग झाला आणि गाण्यानें उघडणारीं दारें बंद झालीं. २ मे १८४८ रोजीं राघोजी भांगरे ह्यांना येथें फांशी देण्यांत आलें. वासुदेव बळवंत फडके ह्यांना एडनला पाठविण्यापूर्वीं कांहीं काळ येथेंच ठेवलें होतें. आणि १९ एप्रिल १९१० रोजीं सकाळीं सात वाजतां ह्याच तटाच्या आंत तीन तरुण एकाच दिवशीं फांशीं गेले. त्यांचीं नांवें अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे.

कायद्याच्या भाषेंत हे तिघे खुनी ठरले, लोकांच्या भाषेंत हुतात्मे. हीं दोन्हीं विशेषणें इतक्या वेळां उच्चारलीं गेलीं आहेत, कीं त्यांच्या आड मूळ प्रकरणाचा तपशील झांकला गेला. गोळी कोणी झाडली हें सर्वांना ठाऊक असतें. मेला तो मनुष्य कसा होता, खटला कोणत्या कायद्यानें चालला आणि फांशीनंतर प्रेतांचें काय झालें, ह्या गोष्टी मात्र फारशा कोणी विचारीत नाहीं. खरा वाद तर ह्या तीन प्रश्नांतच आहे.

कान्हेरे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यांतले. कोंकणांतल्या अनेक गरीब ब्राह्मण कुटुंबांप्रमाणें त्यांचेंही कुटुंब पोटामागें घाट ओलांडून निजामाच्या मुलखांत गेलेलें होतें. प्राथमिक शिक्षण इंदूर म्हणजे आजच्या निजामाबादेस, इंग्रजी शिक्षण औरंगाबादेस मामांच्या आश्रयानें. तेथें गंगाराम नांवाच्या एका मारवाडी तरुणाशीं त्यांचा घनिष्ठ स्नेह जडला. ह्या स्नेहावरून त्यांनीं ‘मित्रप्रेम’ नांवाची एक कादंबरीही लिहिली होती. सतराअठरा वर्षांचा, कादंबरी लिहिणारा, मैत्रीसाठीं जीव टाकणारा मुलगा. अशा मुलाला एखादें मोठें, जळजळीत कार्य हवेंच असतें. त्या काळीं तें शोधण्यासाठीं फार दूर जावें लागत नव्हतें. येवलें आणि नाशिक येथील गुप्त मंडळ्यांचे धागे औरंगाबादेपर्यंत पोंचले होते. आपला निश्चय कितपत टिकेल हें दाखविण्यासाठीं कान्हेऱ्यांनीं जळत्या दिव्याची तापलेली चिमणी हातांत घट्ट धरली, असें सांगतात. १ जुलै १९०९ रोजीं लंडनमध्यें मदनलाल धिंग्रा ह्यांनीं कर्झन वायलीस ठार मारलें व १७ ऑगस्टला ते फांशीं गेले. त्या बातमीनें ह्या मुलाच्या मनांत पेट घेतला, ह्यांत शंका नाहीं.

इकडे नाशकांत राग सांठत होता. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर ह्यांना २८ फेब्रुवारी १९०९ रोजीं पकडण्यांत आलें आणि ८ जून रोजीं जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हत्यार त्यांच्या हातीं नव्हतें. अपराध होता तो कांहीं कविता छापून प्रसिद्ध केल्याचा. एका चोपड्यासाठीं जन्मठेप ही शिक्षा राजनिष्ठ म्हणविणाऱ्या पुष्कळांनाही गिळतां आली नाहीं. नाशकाचे कलेक्टर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट ह्या नात्यानें हें प्रकरण ज्यांच्या हातून पुढें गेलें ते गृहस्थ म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन. एका गोऱ्या माणसाच्या मारहाणीनें एक शेतकरी मेला असतां त्याला वांचविण्यांत आलें, हीही तक्रार त्यांच्या नांवावर नाशकांत बोलली जात होती.

आतां ह्या जॅक्सनसाहेबांविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ते केवळ हुकूम सोडणारे अधिकारी नव्हते. १८८८ सालीं ते मुंबई इलाख्यांत चाकरीस आले आणि संस्कृताच्या व प्राचीन इतिहासाच्या नादीं लागले. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं अपुरा ठेवलेला गुजराथचा प्राचीन इतिहास मुंबई गॅझेटियरच्या १८९६ च्या खंडांत पुरा करून छापला गेला, त्या कामांत जॅक्सन ह्यांचा मोठा हात होता. मराठी ते उत्तम बोलत. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मागील जन्मीं आपण वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होतों असें ते म्हणत असल्याची आठवणही सांगितली जाते. गुप्त मंडळींच्या मतें हा सारा गोड बोलण्याचा फांस होता. उद्धट गोऱ्यापेक्षां असा मिठास साहेब अधिक घातक. ह्या मतांत राजकारणाचें सत्य थोडें असेल, परंतु माणूस म्हणून जॅक्सन ह्यांस तें लागू पडत नाहीं. त्यांनीं इलाख्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडून रूढी, व्रतें, देव-देवस्की, भुतेंखेतें ह्यांविषयीं माहिती जमविली होती. कोणाला फसविण्यासाठीं मनुष्य असलीं कामें वर्षानुवर्षें करीत बसत नाहीं. सत्तेच्या खुर्चीवर बसलेला हा विद्वान आपल्याच सहीनें कवितांच्या प्रकाशकाला काळ्या पाण्याच्या वाटेला लावतो, आणि त्याच हातानें लोकांच्या म्हणी उतरून घेतो. ह्या दोन गोष्टींतला विरोध त्याला स्वतःला जाणवला होता कीं नाहीं, हें कळावयास मार्ग नाहीं.

१९०९ च्या अखेरीस जॅक्सन ह्यांना बढती मिळून त्यांची नाशकाहून बदली झाली. नाशकाच्या प्रतिष्ठित मंडळींनीं निरोपाचा थाट केला. विजयानंद नाटकगृहांत किर्लोस्कर मंडळीचें ‘शारदा’ नाटक ठरलें. देवलांचें तें नाटक. म्हाताऱ्याच्या गळ्यांत पोरीला बांधणाऱ्या समाजावरचा तो आसूड. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं साहेब आंत आले, ओळखीच्या लोकांचे नमस्कार घेत आपल्या जागेकडे जाऊं लागले, तोंच कान्हेऱ्यांनीं पिस्तुल झाडलें. पहिला नेम चुकला. पुढच्या गोळ्या लागल्या आणि जॅक्सन जागच्या जागीं कोसळले. कान्हेऱ्यांना स्वतःलाही संपवावयाचें होतें, पण तेवढ्यांत लोकांनीं त्यांना घट्ट धरलें. त्यांचा नेम पुरता फसलाच असता तर देशपांडे आणि त्यांच्यामागून कर्वे ह्यांनीं काम पुरें करावें, अशी योजना होती. दोघेही शस्त्रांसह नाटकगृहांत होते. गरज पडली नाहीं म्हणून ते गर्दींतून निघून गेले.

कर्वे हे बी. ए. झालेले व कायद्याचा अभ्यास करणारे. मंडळीचे सूत्रधार तेच. देशपांडे शाळेंत शिकवीत. ह्या तिघांत वयानें सर्वांत लहान कान्हेरे, अवघे अठरा वर्षांचे. पिस्तुल मात्र लहान नव्हतें. तें ब्राउनिंग जातीचें, आपोआप गोळ्या भरणारें. विनायक दामोदर सावरकर ह्यांनीं लंडनहून अशीं वीस पिस्तुलें चतुर्भुज अमीन ह्या स्वयंपाक्याच्या पेटींतून धाडलीं होतीं. त्यांतलेंच हें एक, असें पुढें न्यायालयांत मांडण्यांत आलें. ह्याच धाग्यावरून विनायकराव सावरकरांना १३ मार्च १९१० रोजीं लंडनांत अटक झाली.

ह्या खुनानंतर सरकार घाबरलें, आणि घाबरलेलें सरकार कायदे करतें. १९१० च्या फेब्रुवारींत वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा नवा प्रेस ॲक्ट पास झाला. पण कान्हेऱ्यांच्या खटल्याला लागू पडलेला कायदा त्याहून जुना, म्हणजे एका वर्षापूर्वींचा होता. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ११ डिसेंबर १९०८ रोजीं तो घाईघाईनें मंजूर करून घेण्यांत आला होता. त्यांतलीं कलमें आज वाचलीं तरी नवल वाटतें. मॅजिस्ट्रेटपुढील प्राथमिक चौकशींत आरोपीनें हजर राहण्याचें कारण नाहीं. मॅजिस्ट्रेटाची तशी आज्ञा असेल तरच त्यानें उपस्थित व्हावें, आणि त्याच्या बाजूनें वकीलही नसावा. खटला ज्यूरीपुढें चालावयाचा नाहीं. हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढें चालावयाचा. त्यांच्या निकालावर अपील नाहीं. चौकशींत साक्ष दिलेला साक्षीदार मध्यंतरीं मेला आणि तो आरोपींच्या हितासाठीं मारला गेला असें मानण्यास जागा असली, तर उलटतपासणी न झालेली त्याची साक्षही पुराव्यांत घेतां येई.

मुंबई हायकोर्टांतील ह्या विशेष पीठापुढें सात जणांना उभें करण्यांत आलें. मार्च १९१० मध्यें निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्यांना फांशी; शंकर रामचंद्र सोमण, वामन नारायण जोशी आणि गणेश बळवंत वैद्य ह्यांना जन्मठेप काळें पाणी; दत्तात्रय पांडुरंग जोशी ह्यांना दोन वर्षें सक्तमजुरी. कान्हेऱ्यांनीं आपलें कृत्य कधीं नाकारलें नव्हतें. नाटकगृहांत शेंकडों लोकांच्या डोळ्यांदेखत झालेल्या खुनाला पुरावा काय आणावयाचा? ज्यूरी असती तरी त्यांच्यापुरता निकाल बहुधा हाच लागला असता, हें कबूल करावें लागतें. घाईचा दोषही एकट्या हिंदुस्थान सरकारच्या माथीं मारतां येत नाहीं. खुनापासून फांशीपर्यंत येथें ११९ दिवस लोटले. धिंग्रांच्या बाबतींत लंडनमध्यें सत्तेचाळीस दिवस पुरले होते, आणि प्रत्यक्ष खटला एका दिवसांत संपला होता.

खरी शंका उरते ती इतर दोघांची. कर्वे आणि देशपांडे ह्यांनीं गोळी झाडली नव्हती. दंडसंहितेच्या ११४ व्या कलमानें गुन्ह्याला चिथावणी देणारा इसम गुन्ह्याच्या जागीं हजर असेल, तर गुन्हा त्यानेंच केला असें धरलें जातें. म्हणजे कायद्याची चौकट होती. परंतु चौकटींत कोणाला बसवावयाचें हें कोणत्या पुराव्यावरून ठरवावयाचें? कटांत हजर कोण होता, पिस्तुल कोणीं दिलें, बेत कोणीं आंखला, ह्या गोष्टी प्रेक्षकांनीं पाहिलेल्या नव्हत्या. त्या सहआरोपींच्या कबुलीजबाबांतून आणि पोलिसांच्या तपासांतून बाहेर आल्या. नेमक्या अशाच पुराव्याला वकिलाची उलटतपासणी, ज्यूरीचें शहाणपण आणि वरचें न्यायालय ह्या तिन्हींची कसोटी लागावयास हवी. येथें तीनांपैकीं दोन कायद्यानेंच काढून टाकलीं होतीं, आणि पहिलीलाही प्राथमिक चौकशींत जागा नव्हती. कर्वे-देशपांडे निर्दोष होते असें कोणी म्हणत नाहीं, त्यांनीं स्वतःही तसें म्हणवून घेतलें नसतें. पण दोष खरा असला म्हणून तो ठरविण्याची रीत खरी होत नाहीं. ज्या देशांत ज्यूरीच्या हक्काचा एवढा अभिमान, त्याच देशाच्या लोकांनीं समुद्रापलीकडे तो हक्क एका सहीनें बंद केला. आणखी एक गोष्ट. १९०८ सालींच इंग्लंडांत मुलांसंबंधीं कायदा होऊन सोळा वर्षांखालील गुन्हेगाराला फांशी देण्याचें बंद झालें; १९३३ सालीं ही मर्यादा अठरा वर्षांपर्यंत नेण्यांत आली. अठरा पुरीं झालेल्या कान्हेऱ्यांना ह्यांतून सूट मिळाली नसतीच. एवढेंच कीं कोवळ्या वयाचा विचार तिकडे सुरू झाला होता, आणि इकडे त्याची कुजबुजही नव्हती.

फांशीची रीत इंग्लंडांतूनच आलेली. विल्यम मारवुड नांवाच्या फांशी देणाऱ्यानें १८७२ सालीं कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरविण्याची पद्धत सुरू केली. तिचीं कोष्टकें पुढें सरकारनें तयार करविलीं. गळा आवळून तडफडत मरण्याऐवजीं मान मोडून क्षणांत मरण यावें, हा हेतु. मृत्युदंड सौम्य करण्याची ही खटपट तेथेंच थांबली नाहीं. विषारी सुई टोंचून मरण द्यावें काय, ह्याचा विचार इंग्लंडांतील १९४९ ते १९५३ च्या रॉयल कमिशननें केला. डॉक्टरांनीं ह्यांत हात घालण्याचें नाकारलें आणि कमिशननें ती सूचना बाजूस ठेवली. अमेरिकेंत टेक्सास राज्यानें ७ डिसेंबर १९८२ रोजीं ती प्रथम अमलांत आणली, आणि तेव्हांपासून तेथें ह्या सुईवरून वाद माजला आहे: वेदना होतात कीं नाहीं, डॉक्टरानें जवळ उभें राहावें कीं नाहीं. भारतांत १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें फांशीची पद्धत घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. २००३ सालीं कायदे आयोगानें सुईचा पर्याय कायद्यांत असावा अशी शिफारस केली. ठाण्याच्या प्रकरणांत मात्र तक्रार दोराविषयीं नव्हतीच. ती दोर सुटल्यानंतरची होती.

नातेवाईकांनीं प्रेतें मागितलीं. तीं दिलीं गेलीं नाहींत. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनीं तिन्हीं प्रेतें स्वतःच जाळलीं आणि रक्षाही ठाण्याजवळ पाण्यांत टाकून दिली; हाडांचा कणही कोणाच्या हातीं लागूं दिला नाहीं. वरवर हा निव्वळ दुष्टपणा वाटतो, पण त्यामागें कलकत्त्याचा धडा होता. १० नोव्हेंबर १९०८ रोजीं कनाईलाल दत्त ह्यांना अलीपूरच्या तुरुंगांत फांशी देऊन त्यांचें प्रेत घरच्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें होतें. तेव्हां काली घाटावर एवढा लोकसमुदाय लोटला, कीं सरकार थक्क झालें. चितेची राख लोकांनीं पुडींत बांधून नेली, ती विकलीही गेली. अकरा दिवसांनीं सत्येंद्रनाथ बसूंना फांशी झाली, त्या वेळीं प्रेत बाहेर जाऊं दिलें नाहीं. ठाण्याच्या अधिकाऱ्यांनीं दीड वर्षानंतर तोच कित्ता गिरविला. सरकारच्या दृष्टीनें तो बंदोबस्त होता. परंतु हिंदु घरांत अग्नि देण्याचा अधिकार, दहावें, तेरावें, पिंड ह्या गोष्टींना बंदोबस्ताच्या वहींत जागा नसते. मुलगा खुनी असेल, तरी त्याच्या बापाला कोणत्या कलमाखालीं ही शिक्षा झाली? न्यायमूर्तींनीं दिलेल्या शिक्षेंत ही बाब नव्हती. ती तुरुंगाच्या कचेरींत जोडली गेली. त्या तिघांच्या शिक्षेंत बेकायदेशीर म्हणण्यासारखें कांहीं असेलच, तर तें येथें शोधावें लागेल.

ठाण्याच्या आसपासचें पाणी तसें गुंतागुंतीचें आहे. कल्याणकडून आलेली उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेस बाळकुम, कोलशेत ह्या आगरी-कोळ्यांच्या गांवांना वळसा घालीत घोडबंदरावरून वसईला समुद्रास मिळते. दुसरें पाणी कळव्याखालून दक्षिणेकडे मुंबईच्या बंदरांत उतरतें. भरतीओहोटीनें दोन्हीं पाणीं एकमेकांत मिसळतात. एका जागेचें नांव सांगून येथें रक्षा पडली असें दाखवितां येत नाहीं, आणि अधिकाऱ्यांना हवें होतें तेंही नेमकें हेंच. कोलशेतच्या कांठावर पुढें कारखाने उभे राहिले, मग त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. धिंग्रांचें प्रेत पेंटनव्हिल तुरुंगाच्या भूमींत पुरलेलें असल्यामुळें १९७६ सालीं त्यांचे अवशेष हिंदुस्थानांत परत आणतां आले. तुरुंगाच्या आवारांत पुरणें अधिक अपमानाचें, असें त्या वेळीं अनेकांना वाटलें असेल; पण मातीनें राखून ठेवलें तें पाण्यानें राखलें नाहीं.

खटल्याचें शेपूट मात्र लांबलें. नाशिक कटाच्या मोठ्या खटल्यांत ३८ आरोपी होते, त्यांपैकीं २७ जणांना शिक्षा झाल्या. विनायकराव सावरकरांनीं ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्सच्या बंदरांत बोटींतून उडी टाकली, त्यावरून इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामधील तंटा हेगच्या न्यायमंडळापर्यंत गेला, आणि तिकडचा निकाल लागण्यापूर्वींच इकडे त्यांना दोन जन्मठेपी मिळाल्या. दुसरी, ३० जानेवारी १९११ ची, जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दलची होती. अंदमानास नेण्यापूर्वीं त्यांनाही ठाण्याच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें, आणि त्याच वेळीं त्यांचे धाकटे बंधु नारायणराव तेथेंच दुसऱ्या कोठडींत होते.

नाशकांतील एका मोठ्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे ह्यांचें नांव आहे. रणजी करंडकाचे सामने तेथें खेळले गेले आहेत. जॅक्सन ह्यांनीं जमविलेले कागद त्यांच्यामागें आर. ई. एन्थोव्हन ह्या दुसऱ्या मुलकी अधिकाऱ्यानें संगतवार लावले. गुजराथचा भाग १९१४ सालीं निघाला, कोंकणचा १९१५ सालीं. कोंकणच्या भागांत ठाणें, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतील शाळामास्तरांनीं पाठविलेलीं उत्तरें आहेत. मेलेल्याची उत्तरक्रिया कशी करतात, पिंडाला कावळा शिवला नाहीं तर काय समजतात, ज्याला अग्नि मिळाला नाहीं त्याच्या आत्म्याचें काय होतें, अशा समजुतींची माहिती त्यांत खेड्यांतल्या माणसांच्या सांगण्यावरून नोंदलेली सांपडते.